तारखांचा घोळ: बारा दिवस गप्प, तेराव्याला बोंब

तक्रार साधारण अशी येते: "भाऊ, अजून मार्च संपला नाही आणि तुमच्या रिपोर्टात डिसेंबरची द्राक्षं विकलेली दिसताहेत." कधी हा फोन पिंपळगावकडच्या पॅकहाउसमधून असतो, कधी निफाडच्या खत-औषधांच्या दुकानातून, कधी अंबडच्या एखाद्या कारखान्याच्या स्टोअरमधून. माल वेगळा, घोळ तोच. मग कोणीतरी बसून चार ओळी हाताने दुरुस्त करतं, रिपोर्ट जुळतो, सगळे घरी जातात. पुढच्या महिन्याची सुरुवात झाली की पुन्हा तोच फोन.

परत परत येण्याचं कारण एकच आहे. तारीख सिस्टिमच्या आत शिरते तिथे ती कशी वाचायची, बहुतेक वेळा दिवस आधी की महिना आधी, याचा कोणीतरी अंदाज बांधतंय: एक्सेल, डेटाबेस, एखादी लायब्ररी (तयार कोडचा संच) किंवा ब्राउझर. अंदाज बांधणारा सापडेपर्यंत ओळी दुरुस्त करणं म्हणजे वेळ घालवणं. आणि तो शोधायला लगेच कोड उघडायची गरज नसते. बिघडलेल्या तारखा नीट पाहिल्या तर कोणी बिघडवल्या ते बहुतेक वेळा तिथेच कळतं, कारण प्रत्येकाची बिघडवण्याची पद्धत वेगळी.

(खाली आकडे, फंक्शनांची नावं, फॉरमॅटची अक्षरं सगळी देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच इंग्रजीत येतात.)

आधी खूण ओळखा

मार्च २०२४ ची वजनकाट्याच्या पावत्यांची फाइल घ्या. फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर, तारखा आपल्या पद्धतीच्या, म्हणजे आधी दिवस मग महिना. आत गेल्यावर काय झालं ते पाहा:

पावती ४११७: फाइलीत ०९/०३/२०२४, रिपोर्टात ३ सप्टेंबर
पावती ४१२६: फाइलीत १०/०३/२०२४, रिपोर्टात ३ ऑक्टोबर
पावती ४१३९: फाइलीत १२/०३/२०२४, रिपोर्टात ३ डिसेंबर
पावती ४१४८: फाइलीत १३/०३/२०२४, रिपोर्टात रिकामी जागा

एक ते बारा मार्चचा माल वर्षभराच्या बारा महिन्यांत वाटला गेला, तोही प्रत्येक महिन्याच्या ३ तारखेलाच. तेरा तारखेपासून पुढे उलटवायला महिनाच नाही, कारण तेरावा महिना नसतो. तिथे एरर येते, रिकामी जागा येते किंवा तारीख नुसता मजकूर म्हणून पडून राहते. म्हणून पहिले बारा दिवस कोणी काही बोलत नाही आणि तेराव्याला रडारड सुरू होते.

तपासायला एकच क्वेरी पुरते: तारखेतून फक्त दिवस काढा, त्यावर ग्रुप बाय करा, म्हणजे सारखे दिवस एकत्र गोळा करा, आणि ओळी मोजा. चांगल्या डेटात १ ते ३१ पर्यंत ओळी साधारण सारख्या पसरलेल्या असतात. बिघडलेल्या डेटात एकाच तारखेवर ढीग लागतो, आणि तो ढीग ज्या तारखेवर तो खरा महिना. मार्चची फाइल असेल तर ढीग तीनवर, एप्रिलची असेल तर चारवर.

वर्षात १४४ तारखा अशा आहेत की ज्यांचा दिवस बारा किंवा त्याहून कमी. त्यांतल्या ०१/०१, ०२/०२ अशा बारा उलटवल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. म्हणजे वर्षातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तारखा अशा आहेत की उलट्या वाचल्या तरी पूर्णपणे वैध दिसतात आणि कुठलीही एरर देत नाहीत.

आता बारीक फरक पाहा. तेरानंतरच्या तारखा रिकाम्या किंवा मजकूर झाल्या असतील तर संशय एक्सेलवर किंवा डेटाबेसच्या सेटिंगवर. तेरानंतरच्या बरोबर आणि फक्त पहिल्या बारा उलट्या असतील तर एखादी "समजूतदार" लायब्ररी आहे. तेरानंतरच्या तारखा थेट पुढच्या वर्षात, त्याच्याही पुढच्या वर्षात गेल्या असतील तर जुना जावा कोड. सगळ्या तारखा बरोबर एक दिवस मागे असतील तर दिवस-महिन्याचा संबंधच नाही, ते टाइमझोनचं प्रकरण. आणि तारखेच्या जागी ४५३८५ असा पाच आकडी नंबर आला असेल तर घाबरू नका. तो एक्सेलचा दिवसांचा हिशेब आहे, ४५३८५ म्हणजे ३ एप्रिल २०२४.

एक्सेल

नव्या मशीनवर विंडोजचं रीजन "इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)" असंच राहून गेलेलं अनेकदा सापडतं. ऑफिसातल्या पाच मशीनपैकी एकावरच तसं असलं की "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय" ही ओळ ऐकायला मिळते, आणि ती खोटी नसते. त्या मशीनवर सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की एक्सेल न विचारता तारखा महिना-आधी वाचतं. सेलमध्ये डावीकडे चिकटलेल्या तारखा मजकूर, उजवीकडे गेलेल्या खऱ्या तारखा, म्हणजे उलट्या झालेल्या. हे नुसत्या नजरेनेही कळतं.

फाइल कोणीतरी उघडून सेव्ह करून पाठवली आहे का, हे ओळखायची एक खात्रीची खूण आहे. अमेरिकन सेटिंगचं एक्सेल तारीख दाखवताना पुढची शून्यं गाळतं. त्यामुळे ०३/०४/२०२४ सेव्ह होऊन परत ३/४/२०२४ होते, पण १३/०४/२०२४ मजकूर असल्यामुळे जशीच्या तशी राहते. एकाच कॉलममध्ये पहिल्या बारा दिवसांची शून्यं गळालेली आणि पुढच्यांची शाबूत दिसली की समजायचं, फाइल मधे कुठेतरी एक्सेलमधून फिरून आली आहे. गंमत म्हणजे सीएसव्ही म्हणूनच सेव्ह केली असेल तर क्रम अजून वाचलेला असतो, दिवस-आधी वाचली तर ती बरोबरच निघते. तीच एक्सएलएसएक्स (एक्सेलची स्वतःची फाइल) म्हणून सेव्ह केली असेल तर मात्र आत ४५३५५ बसलेलं असतं, म्हणजे ४ मार्च, आणि आता कुठल्याही मशीनवर उघडा, ४ मार्चच दिसेल.

उपाय: डबल क्लिक बंद. डेटा मेन्यूतून "फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही" ने आणायची आणि तारखेच्या कॉलमला प्रकार आणि लोकेल (कुठल्या देशाची-भाषेची पद्धत) दोन्ही स्वतः सांगायचं. "टेक्स्ट टू कॉलम्स" मध्येही तिसऱ्या पायरीवर दिवस-महिना-वर्ष असा क्रम निवडता येतो, पण तो मूळ मजकुरावर. आधीच उलट्या होऊन बसलेल्या तारखा त्याने सुलट होत नाहीत, त्यासाठी मूळ फाइलच पुन्हा आणावी लागते. गूगल शीट्समध्ये ही सेटिंग मशीनची नसून त्या त्या शीटची असते, फाइल मेन्यूत सेटिंग्जमध्ये लोकेल म्हणून. एकाने बनवलेली शीट दुसऱ्याने कॉपी केली की लोकेलही सोबत जातं.

मॅकवर बनलेल्या जुन्या वर्कबुकांत आणखी एक प्रकार भेटतो. त्यांची मोजणी १९०० ऐवजी १९०४ पासून असते, आणि एकातून दुसऱ्यात नुसते आकडे चिकटवले की तारखा १,४६२ दिवसांनी सरकतात. चार वर्षं आणि एक दिवस असा फरक दिसला तर दुसरं काही शोधू नका.

आपल्याकडे एक्सेलचा याहून जास्त त्रास कुठे होत असेल तर तो तारखा नसलेल्या कॉलममध्ये. जमिनीच्या कागदांची यादी करताना कोणी सेलमध्ये ७/१२ टाइप केलं की एक्सेल त्याची ७ डिसेंबर करून टाकतं, अमेरिकन मशीनवर १२ जुलै. सर्व्हे नंबर १२/३ असेल तर त्याचाही तोच प्रकार. आणि एकदा तारीख झाली की मूळ काय होतं ते सेलला आठवत नाही. कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवायचा, मगच टाइप करायचं. हा त्रास फक्त तलाठ्यांच्या आणि वकिलांच्या वाट्याला येतो असं नाही. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये मार्च१, सेप्ट१ अशी नावं बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. मायक्रोसॉफ्टने हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय २०२३ मध्ये दिली. ज्यांच्याकडे नवं व्हर्जन आहे त्यांनी ती आजच चालू करावी.

आपल्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर नाही

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये डेटस्टाइल नावाची सेटिंग असते. इन्स्टॉल होताना मशीनच्या लोकेलप्रमाणे ती ठरते. भारतीय लोकेलच्या लॅपटॉपवर दिवस-आधी, आणि डॉकरच्या (सॉफ्टवेअर तयार पेटीत बंद करून चालवायची सोय) नेहमीच्या इमेजमध्ये अमेरिकन लोकेल असल्यामुळे महिना-आधी. कोड तोच, डेटा तोच, उत्तर वेगळं. पोस्टग्रेस निदान प्रामाणिक आहे: १३/०४/२०२४ दिली तर स्वतः उलटवत नाही, सरळ एरर देतं आणि डेटस्टाइल बदलून पाहा असं सुचवतंही. पण फाइल महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली असेल तर सगळी आत जाते, बिनबोभाट.

डेटस्टाइल बदलून प्रश्न सुटतो असं वाटतं. तसं करू नका. उद्या दुसरा सर्व्हर उभा राहील आणि सेटिंग विसरली जाईल. क्वेरीतच क्रम लिहा: पोस्टग्रेसमध्ये टू_डेट, मायएसक्यूएलमध्ये एसटीआर_टू_डेट. त्याहून बरं म्हणजे डेटाबेसला मजकूर द्यायचाच नाही. ड्रायव्हरला (कोड आणि डेटाबेस जोडणारा दुवा) भाषेतला खरा तारीख-ऑब्जेक्ट द्यायचा.

एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना, कारण इथे शहाणी माणसंही फसतात. "आम्ही तर वर्ष-महिना-दिवस असंच पाठवतो, त्यात काय चुकणार?" लॉगिनची भाषा ब्रिटिश इंग्लिश असेल आणि कॉलम जुन्या डेटटाइम प्रकारचा असेल, तर २०२४-०४-०३ हेसुद्धा ४ मार्च म्हणून वाचलं जातं. वर्ष पुढे असूनही. नव्या डेट आणि डेटटाइम२ प्रकारांत हे होत नाही. जुना कॉलम बदलता येत नसेल तर मधल्या रेघा काढून २०२४०४०३ असं सलग पाठवा, ते कुठल्याही भाषेत एकच वाचलं जातं.

पायथनची डेटयुटिल लायब्ररी ही वर सांगितलेली समजूतदार मंडळी. ०३/०४/२०२४ दिली तर ४ मार्च, १३/०४/२०२४ दिली तर मात्र १३ एप्रिल. एकाच कॉलममध्ये दोन नियम, आणि तक्रार शून्य. माझ्या मते सगळ्यांत घातक प्रकार हाच, कारण रिकामी जागा नाही, एरर नाही, ओळींची संख्या जुळते, फक्त महिन्याच्या बेरजा चुकतात. पांडाजही (पायथनमध्ये तक्ते हाताळायचं साधन) आवृत्ती २.० च्या आधी असंच प्रत्येक सेल सुटा वाचायचं. २०२३ मध्ये २.० आली, तेव्हापासून ते पहिल्या नोंदीवरून फॉरमॅट ठरवून सगळ्या कॉलमला तोच लावतं. अनेकजण डेफर्स्ट ट्रू (म्हणजे दिवस आधी) लिहून निश्चिंत होतात. ती सक्ती नाही, नुसती पसंती आहे. न जमल्यास लायब्ररी आपल्या मनाने उलटवू शकते. फॉरमॅट पूर्ण लिहून द्या, मग न जुळणारी ओळ जागेवर अडेल.

जावाचा जुना सिंपलडेटफॉरमॅट तर इतका उदार की त्याला तेरावा महिनाही चालतो. महिना-आधी फॉरमॅटला १३/०४/२०२४ दिली की तो २०२४ चा तेरावा महिना म्हणजे जानेवारी २०२५ धरतो आणि ४ जानेवारी २०२५ देतो. २५/०४/२०२४ ची ४ जानेवारी २०२६ होते. सेटलिनियंट फॉल्स केलं की हा उदारपणा थांबतो, पण खरं तर २०१४ मध्ये जावा ८ सोबत आलेल्या नव्या टाइम पॅकेजकडे जाणंच बरं. फॉरमॅट लिहिताना मोठा एम म्हणजे महिना आणि छोटा एम म्हणजे मिनिटं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी रिव्ह्यूमध्ये सुटतं. मोठा वाय त्याहून लबाड. तो आठवड्यांवर मोजलेलं वर्ष देतो, त्यामुळे वर्षभर बरोबर चालतो आणि डिसेंबरच्या शेवटच्या दोन-चार दिवसांत एकदम पुढचं वर्ष दाखवतो. नाताळनंतरच्या बिलांवर पुढचं साल दिसलं तर हेच.

एक दिवस मागे

इथे कारण साडेपाच तासांचं आहे. जावास्क्रिप्टमध्ये डेट पिकरवर ३ एप्रिल निवडली की आत ३ एप्रिलची मध्यरात्र, भारतीय वेळेची, तयार होते. सर्व्हरला पाठवताना टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरलं की ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जाते: २ एप्रिल, १८:३०. सर्व्हरने पहिले दहा अक्षरं कापून घेतली की झाली २ एप्रिल. जन्मतारीख, छाटणीची तारीख, बिलाची तारीख यांना वेळ नसतेच, त्यांना वेळेच्या ऑब्जेक्टमध्ये कोंबू नका. वर्ष-महिना-दिवस असा मजकूर बनवा आणि तसाच पाठवा.

याचंच दुसरं रूप सर्व्हरवर दिसतं. क्लाउडवरचं मशीन यूटीसीत चालतं, आणि कोडमध्ये "आजची तारीख" विचारली की पहाटे साडेपाचपर्यंत ते कालची सांगतं. दिवसा नऊ ते सहा काम करणाऱ्या टीमला हा बग कधीच दिसत नाही. हंगामात मात्र गाड्या रात्रीतून भरल्या जातात, काट्यावर दोन-तीन वाजता नोंदी होतात. त्यातही १ एप्रिलच्या पहाटेची नोंद ३१ मार्चला पडली तर ती आधीच्या आर्थिक वर्षात जाते, बिलाचा नंबरही जुन्या मालिकेतला मिळतो, आणि मग सीएसाहेबांचा फोन येतो. "आज" विचारताना झोन सांगूनच विचारा, आणि झोनचं नाव एशिया/कोलकाता असं पूर्ण द्या. आयएसटी हे संक्षिप्त रूप वापरू नका. पोस्टग्रेसच्या मूळ यादीत आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ.

मराठी फोन

हा भाग बाहेरच्या लेखांत सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर. शेतकऱ्यांसाठी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये काही जणांच्या नोंदी सर्व्हर नाकारतो, बाकीच्यांच्या घेतो. फोनचा ब्रँड वेगवेगळा, नेटवर्क वेगवेगळं. समान धागा एकच: फोनची भाषा मराठी.

लोकेलचा डेटा जगभर बहुतेक सगळे सीएलडीआर या सामायिक संग्रहातून घेतात, आणि त्यात मराठीची डिफॉल्ट अंकपद्धती देवनागरी आहे. हिंदीची नाही. म्हणून टेस्टरने फोन हिंदीत टाकून पाहिला तर सगळं सुरळीत, आणि मराठीत टाकला की तारीख देवनागरी आकड्यांत तयार होते. स्क्रीनवर ती छानच दिसते, दिसायलाही हवी. पण कोडमध्ये फोनचं चालू लोकेल वापरून बनवलेली तीच तारीख एपीआयकडे (सर्व्हरने माहिती घ्यायच्या दाराकडे) गेली की गडबड. जावास्क्रिप्ट देवनागरी आकड्याला नंबर मानत नाही, नॅन ("हा आकडा नाही") देतं. पायथन मानतं, त्याचा इंट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) आणि रेजेक्समधलं (नमुना जुळवणाऱ्या सूत्रातलं) आकड्याचं चिन्ह दोन्ही देवनागरी स्वीकारतात, त्यामुळे तपासणीतून तारीख पास होते आणि पुढे डेटाबेसपाशी अडते. एकाच तारखेला दोन सर्व्हिसेस वेगळं उत्तर देतात ते यामुळे.

अँड्रॉइडवर मशीनसाठी तारीख बनवताना लोकेल रूट किंवा लोकेल यूएस द्या, माणसासाठी बनवताना चालू लोकेल. नुसत्या स्ट्रिंग-फॉरमॅटलाही हेच लागू, शून्य लावून दोन आकडी करायला अनेकजण तोच वापरतात. वेबवर मराठी नावं पण इंग्रजी आकडे हवे असतील तर लोकेलच्या मागे यू-एनयू-लॅटन जोडता येतं. आणि सर्व्हरच्या दाराशी युनिकोडमधले ०९६६ ते ०९६एफ हे दहा आकडे बदलून घ्यायची एक ओळ टाकून ठेवा, कारण जुनं अ‍ॅप लोकांच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं राहतं.

महिन्यांची नावं अक्षरी येत असतील तर ऑगस्ट आणि ऑक्टोबरवर लक्ष ठेवा. बाकी दहा महिने जुळतात आणि हे दोन जुळत नाहीत अशी तक्रार आली की मजकूर जुन्या फॉन्टमधून रूपांतरित झालेला असण्याची शक्यता मोठी. ऑ हे एकच अक्षर म्हणून लिहिता येतं, आणि आ वर वेगळा अर्धचंद्र देऊनही. डोळ्याला जवळपास सारखंच दिसतं, युनिकोडचं नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. तुलना करण्याआधी स्वतः बदलून घ्यावं लागतं. शिवाय फाइल हिंदी मशीनवरून आली असेल तर अगस्त, सितंबर येणारच. जावावाल्यांनी इंग्रजी नावांवरही फार विसंबू नये. जावा १६ पासून ब्रिटिश इंग्लिशमध्ये सप्टेंबरचं संक्षिप्त रूप तीन अक्षरांऐवजी चार अक्षरी झालं, आणि नुसतं जावा बदलल्यावर दरवर्षी एकाच महिन्यात पार्सिंग (मजकुरातून तारीख वाचणं) पडायला लागलं.

दोन आकडी वर्ष

थोडक्यात: घेऊच नका. १२/०५/६९ या जन्मतारखेचं पायथन १९६९ करतं आणि मायएसक्यूएल २०६९. दोघांच्याही कागदपत्रांत आपापला नियम लिहिलेला आहे, नियम फक्त एका वर्षाने वेगळा. साठीच्या खातेदारांच्या यादीत अजून न जन्मलेले लोक दिसले तर हे आहे.

बिघडलेला डेटा सुधारायचा कसा

कारण सापडलं, बंद केलं. आत बसलेल्या ओळींचं काय?

पहिला मोह असतो सगळ्या बारापर्यंतच्या तारखा उलटवण्याचा. थांबा. त्या टेबलात स्क्रीनवरून हाताने भरलेल्या बरोबर ओळीही असतात. त्या उलटवल्या की आतापर्यंत बरोबर होतं तेही गेलं. तारीख स्वतः सांगू शकत नाही की ती उलटली आहे का. दुसरा साक्षीदार लागतो.

सगळ्यांत चांगला साक्षीदार म्हणजे पावतीचा नंबर. काट्यावरच्या पावत्या ओळीने फाडल्या जातात. मागची आणि पुढची खात्रीची तारीख धरा, म्हणजे दिवस तेरा किंवा पुढचा असलेली, आणि मधली तारीख त्या दोघींच्या दरम्यान बसते का पाहा. वरची पावती ४१२६ घ्या. तिच्यापुढे दोन पर्याय: १० मार्च किंवा ३ ऑक्टोबर. ४१४८ ची मूळ फाइलीतली तारीख १३ मार्च आहे, तेव्हा ४१२६ ऑक्टोबरची असूच शकत नाही. दुसरा साक्षीदार म्हणजे सर्व्हरने स्वतः नोंदवलेली वेळ, क्रिएटेड-अ‍ॅट. मालाची तारीख नोंदीच्या नंतरची असेल तर ती नक्की उलटी.

भविष्यातल्या तारखा पकडणं सोपं असतं, त्यामुळे लोक तिथेच थांबतात. मार्चच्या फाइलीत १ मार्चची ३ जानेवारी होते आणि २ मार्चची ३ फेब्रुवारी. दोन्ही भूतकाळातल्या, दोन्ही द्राक्षांच्या हंगामातल्या. कोणाला शंका येणार नाही. "हंगामाबाहेरच्या तारखा शोधा" असा नियम लावला तरी या दोन निसटतात.

द्राक्षबागेच्या नोंदींत तर हंगामाचा नियम पुरता आपटतो. नाशिककडे बागेची छाटणी वर्षातून दोनदा: एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. आता ०४/१०/२०२३ उलटी वाचा: १० एप्रिल. ४ ऑक्टोबरही छाटणीची योग्य वेळ, १० एप्रिलही. कृषी पदवीधरालाही नुसती तारीख पाहून काही सांगता येणार नाही. पण त्या तारखेवरून अ‍ॅप पुढचे दिवस मोजतं, फवारणीचं वेळापत्रक देतं, आणि शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत किती दिवस गेले हे निर्यातीच्या मालासाठी दाखवतं. तिथे सहा महिन्यांची चूक म्हणजे थेट मालाच्या तपासणीवर येणारं संकट. इथे साक्षीदार असतो छाटणीचा प्रकार, तो वेगळा कॉलम असेल तर. नसेल तर त्याच बागेची त्यानंतरची नोंद. तीही नसेल तर शेतकऱ्याची वही.

दुरुस्ती करताना जुना कॉलम पुसू नका. शेजारी नवा कॉलम घ्या, आणि आणखी एकात कशाच्या आधारावर बदललं ते लिहा: पावती क्रम, क्रिएटेड-अ‍ॅट, वही. ज्या ओळींना साक्षीदार सापडत नाही त्या "अनिश्चित" म्हणून तशाच ठेवा आणि यादी संबंधित माणसाला पाठवा. साहेबांना रिपोर्ट आज हवा असतो हे मान्य, पण अंदाजाने भरलेली तारीख पुढच्या वर्षी कोणालाच ओळखू येणार नाही.

दारावरचा बंदोबस्त

सिस्टिमच्या आत आणि दोन सिस्टिमच्या मधे तारीख एकाच रूपात: वर्ष-महिना-दिवस. आयएसओ ८६०१ हे प्रमाण १९८८ पासून आहे, नव्याने शोध लावायची गरज नाही. डेटाबेसात कॉलम डेट प्रकारचा, मजकुराचा नाही.

फाइल घेणाऱ्या स्क्रीनवर प्रत्येक सेलचा वेगळा विचार करू नका, पूर्ण कॉलम एकदम पाहा. पहिल्या जागी कुठेतरी बारापेक्षा मोठा आकडा आहे आणि दुसऱ्या जागी कुठेच नाही, तर क्रम दिवस-आधी. उलट असेल तर महिना-आधी. दोन्ही जागी सापडले तर फाइल दोन ठिकाणांहून जोडलेली आहे, परत करा. आणि कुठेच सापडला नाही, म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांचीच फाइल, तर प्रोग्रामने गप्प राहून ठरवायचं नाही. वापरणाऱ्याला विचारायचं: "या फाइलीतली पहिली तारीख ३ एप्रिल आहे की ४ मार्च?" महिना अक्षरात, म्हणजे प्रश्नातच गोंधळ होणार नाही.

हाताने भरायच्या फॉर्मला ब्राउझरचा तारखेचा रकाना वापरत असाल तर एक लक्षात ठेवा. तो सर्व्हरला नेहमी वर्ष-महिना-दिवसच पाठवतो, पण स्क्रीनवर ब्राउझरच्या भाषेप्रमाणे दाखवतो. अमेरिकन इंग्लिश असलेल्या ब्राउझरमध्ये माणूस सवयीने ०३ आधी टाइप करतो आणि तो महिना होतो. ही चूक कोडमध्ये शोधून सापडत नाही, कारण कोड बरोबरच असतो. रकान्याखाली लगेच "बुधवार, ३ एप्रिल २०२४" असं उमटवा. वार चुकलेला लोकांच्या लगेच लक्षात येतो, कारण आजचा वार सगळ्यांना माहीत असतो. ४ मार्च २०२४ ला सोमवार होता.

टेस्टमध्ये ०१/०१ आणि ०५/०५ वापरणं बंद करा, त्या उलट्या वाचल्या तरी पास होतात. एक ०३/०४ सारखी, एक १३/०४ सारखी, २९ फेब्रुवारी २०२४, ३१ डिसेंबर, एक देवनागरी आकड्यांची, आणि घड्याळ पहाटे तीनला ठेवून १ एप्रिलची एक. सर्व्हरचा झोन यूटीसी आणि लोकेल अमेरिकन ठेवूनच चालवा. लॅपटॉपच्या भारतीय सेटिंगवर या सगळ्या टेस्ट पास होतील, त्याला काही अर्थ नाही.